देवळातलं कासव खड्ड्यात गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात मी घसरून पडले. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. श्रावणात गाभाऱ्याबाहेर अभिषेकाचं पाणी असायचंच, पण पाय कधी सरकला नव्हता. यंदा सरकला, कारण पायाखाली दगडच नव्हता. उन्हाळ्यात देवळाचा जीर्णोद्धार झाला. खाली चकचकीत विट्रिफाइड टाइल, भिंतीला छातीपर्यंत न्हाणीघरात लावतात तसल्या निळसर टाइल आणि त्यावर केशरी ऑइलपेंट. मला हात देऊन उठवताना एक कार्यकर्ता म्हणाला, "काकू, सांभाळून! पण आता देऊळ कसं चकाचक दिसते, नाही?"

दिसते खरं.

जुनी फरशी टाकीच्या घावांची होती. घडवणाऱ्यानं ते घाव मुद्दाम ठेवले होते, म्हणून ओला पायही त्यावर धरून राहायचा. उंबरठा मधोमध झिजून वाटीसारखा झाला होता. गाभाऱ्याचं दार इतकं ठेंगणं की माझ्या सहा फुटी दिरांनाही वाकावंच लागायचं. नमस्कार दारातच होऊन जायचा. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना आम्ही बायका दुपारी सभामंडपात वाती वळत बसायचो, कारण दगड गार असायचा आणि तिथं बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. घरच्या सगळ्या गोष्टी तिथंच व्हायच्या. सुनांची गाऱ्हाणी महादेवानं जितकी ऐकली तितकी कुणीच ऐकली नसतील.

मंडपातल्या कासवाचं मात्र मला फार लागलं. नव्या टाइलमुळे जमीन दीड इंच वर आली. दगडी कासव काढणं जमेना, तेव्हा त्याच्याभोवती चौकोन कापला. कासव आता त्या खड्ड्यात बसलंय आणि पाठीवर पाणी साचतं.

मंडळी वाईट नाहीत, हेही लिहिते. वर्गणी त्यांनीच जमवली, उन्हातान्हात उभे राहून काम करून घेतलं. तेलानं काळ्या पडलेल्या भिंती धुता येत नव्हत्या, टाइल फडक्यानं पुसता येते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण वालुकाश्म आणि चुना पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. वरून ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाखाली जमतात आणि पुढं रंगासकट दगडाचे पापुद्रे सुटतात, त्यात कोरलेली वेलबुट्टीही जाते. भोसल्यांचं राज्य 1853 नंतर खालसा झालं. आमच्या देवळाचं काम त्याच्या आधीचं, असं सासरे सांगायचे. लेखी पुरावा माझ्याकडे नाही, आणि वारसा वास्तूंच्या यादीतही हे देऊळ नाही. यादीत नसलेली अशी लहान देवळं महालात गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारणारं कुणी नाही.

रामटेकच्या केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवरचा जुना लेप काढला, तेव्हा खाली वाकाटकांच्या काळातला शिलालेख निघाला. पाचव्या शतकातला. इतकी वर्षं देवाला जाणारे लोक त्याच्या शेजारून जात होते. आमच्या भिंतीखाली शिलालेख आहे असं मी म्हणत नाही. पण टाइल लावण्याआधी कुणी नीट पाहिलंच नाही.

"जुनं ते सोनं" म्हणणारी म्हातारी, असं कुणी समजेल म्हणून दीक्षाभूमीचंही सांगते. तिथला स्तूप नवाच आहे. 1978 साली काम सुरू झालं, 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उद्घाटन केलं. वास्तुविशारद शिवदान मल यांनी घाट सांचीचाच घेतला, पण एक गोष्ट बदलली. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. आपला स्तूप पोकळ, माणसं आत जाऊन बसतात. जिथं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंनी लोक येतात तिथं असाच स्तूप हवा. धोलपूरचा दगड वापरलाय, संगमरवर, ग्रॅनाइटही आहे, पण कुठं काय लावायचं याचा विचार दिसतो. मी नातीला घेऊन गेले होते. एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोर घुमटाखाली गेल्यावर आपोआप हळू बोलायला लागली. तिला कुणी दटावलं नव्हतं.

आमच्या देवळात आता पंखे आहेत, स्टीलचे रेलिंग आहेत आणि पायरीपायरीवर देणगीदारांची नावं. पिंडीकडे जाताना सात स्वर्गवासी मंडळींवर पाय द्यावा लागतो. त्यांच्या मुलांच्या हे कसं लक्षात येत नाही, देव जाणे.

आता मंडपाचे सागवानी खांब उरलेत. त्यांना सोनेरी ऑइलपेंट मारायचं ठरतंय. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्यांना हात लावू नये, एवढीच माझी विनंती आहे. महापालिकेची वारसा संवर्धन समिती आहे, शहरात वास्तुकला शिकवणारी कॉलेजं आहेत. एखाद्या प्राध्यापकानं दोन विद्यार्थी घेऊन अर्धा दिवस दिला तरी खूप झालं. आणि कुणी उत्साहानं भिंतीवरचा रंग काढायला ग्राइंडर घेऊन येणार असेल, तर त्यालाही आधी थांबवा.

येत्या रविवारी देवस्थानची बैठक आहे. बायकांना तिथं सहसा बोलावत नाहीत. मी जाणार आहे. श्रावणापासून हातात काठी आलीच आहे, ती त्या टाइलवर टेकवूनच बोलेन.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर