मदत नदीच्या अलीकडेच अडते : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातील आपत्कालीन साठा ३१ मेपूर्वी थेट वाडीवर नेऊन ठेवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

कोकणात पूर आला, दरड कोसळली की मुंबई-पुण्याहून ट्रक भरभरून मदत निघते. महाड, खेड, चिपळूणपर्यंत ती एक-दोन दिवसांत येतेही. अडते ती त्यापुढे. महामार्गावरून वाडीपर्यंतचे शेवटचे सात-आठ किलोमीटर पार होत नाहीत. रस्त्याकडेच्या गावाला तीन-तीनदा धान्य मिळते आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या वाडीला एकदाही नाही. यात कुणाची दानत कमी पडत नाही, मालही कमी पडत नाही. माल नदीच्या चुकीच्या काठावर असतो. म्हणून आमची मागणी एकच आहे : पाऊस पडल्यावर मदत पाठवण्यापेक्षा पाऊस पडण्याआधी ती पलीकडे नेऊन ठेवा.

इथली जमीन समजल्याशिवाय ही मागणी पटणार नाही. एका गावाच्या आठ-दहा वाड्या, प्रत्येक वाडी वेगळ्या उतारावर, दोन वाड्यांमध्ये पऱ्या आणि त्यावर एखादा साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. साकव गेला की वाडी तुटली. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. रात्री घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की सकाळी पाणी खाली येते आणि नेमकी खाडीला भरती असेल तर ते समुद्रात न उतरता मागे तुंबते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीला असाच फुगवटा आला होता. महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही एकाच वेळी बंद होते. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड आली आणि वाटा बंद असल्याने बचाव पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. तिथे गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे वर चढवता आली नाहीत, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, माणसांनी डोंगर चढून हातांनी माती उपसली. जुलैतल्या ढगांत आणि वाऱ्यात हेलिकॉप्टर किंवा ड्रोन मिळाले तर आनंदच आहे, पण पहिल्या ७२ तासांच्या आराखड्यात ते धरू नयेत.

आता साठ्याचा हिशेब. चाळीस घरांची वाडी घेऊ. चार माणसांच्या घराला सात दिवसांसाठी तांदूळ १० किलो, तूरडाळ २ किलो, पोहे १ किलो, गूळ १ किलो, मीठ १ किलो आणि तेल १ लिटर. यातून माणशी रोज दोन हजारांच्या थोड्या वर कॅलरी मिळतात, म्हणजे भागते. एका घराचे वजन साधारण १६ किलो, वाडीचे ६४० किलो. मे महिन्यात कोरड्या रस्त्याने हा सगळा माल एका पिकअपच्या एका खेपेत जातो. तोच जुलैत न्यायचा तर चाळीस माणसांना डोक्यावर घेऊन, गुडघाभर पाण्यातून, शेवाळलेल्या पायवाटेने चढावे लागते. खर्चाचा प्रश्न कुणी काढला तर हा एवढा हिशेब समोर ठेवावा.

माल ५० किलोच्या पोत्यात ठेवू नये. पोते ट्रकसाठी सोयीचे असते, खांद्यासाठी नाही. आणि वाडीवर पोते फोडून वाटायला बसले की पाऊस, ओल आणि भांडण तिन्ही सुरू होतात. घरटी ८-८ किलोची दोन बोचकी आधीच बांधावीत. पहिल्यात पोहे, गूळ, मीठ, एक किलो डाळ आणि चार किलो तांदूळ. दुसऱ्यात उरलेला तांदूळ, डाळ आणि तेल. पहिल्या बोचक्यात पोहे-गूळ असण्याचे कारण साधे आहे : पहिली रात्र चूल पेटत नाही, लाकडे भिजलेली असतात. सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत उकडा तांदूळ द्यावा. लोक तोच खातात आणि तो टिकतोही. घाटावरून येणारे गव्हाचे पीठ मात्र कोकणच्या पावसाळी हवेत लवकर गुठळ्या धरते, ते साठ्यात नको. आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड दुमडून सुतळीने बांधलेली, वर विणलेली पिशवी. बोचकी जमिनीपासून सहा इंच उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर लांब. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते, तिला टेकलेला माल पंधरा दिवसांत बुरशी धरतो.

जागा कोणती? बहुतेक ठिकाणी सवयीने शाळेची खोली दाखवली जाते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, खोली रिकामी करावी लागते आणि साठा ओसरीवर येतो. त्यापेक्षा विकास सोसायटीचे गोदाम, देवळाचा सभामंडप किंवा उंचावरचे एखादे पक्के घर भाड्याने घ्यावे. जागा निवडताना २००५ आणि २०२१ च्या पुरांची पाणीरेषा गावकऱ्यांना विचारावी, ती त्यांना भिंतीवर बोट ठेवून दाखवता येते. आणि किल्ली. किल्ली तलाठी कार्यालयात असेल आणि तलाठी तालुक्याच्या गावी राहत असतील, तर तो साठा नसल्यासारखाच. एक किल्ली पोलीस पाटलांकडे, दुसरी बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे, आणि कुणाच्या परवानगीची वाट न पाहता कुलूप कधी उघडायचे हे लेखी आदेशात : वाट तुटली आणि सहा तास संपर्क नाही, की उघडायचे.

छपरांबद्दल थोडेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात पत्रे आणि कौले उडाली आणि लगेच पावसाळा तोंडावर होता. ताडपत्री ४ बाय ६ मीटरची, जाड विणीची हवी. बाजारातली पातळ निळी ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात कड्यांपाशी फाटते. कडी फाटली तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधावी, ती सुटत नाही. म्हणून प्रत्येक ताडपत्रीसोबत ३० मीटर नायलॉन दोरी द्यावी. पत्रे पाठवताना जे-हुक आणि वॉशर मोजून त्याच गाडीत असावेत. हुकांवाचून पत्रा म्हणजे वाऱ्यात उडणारे पाते.

यापुढचा भाग आपल्या सहकारी आरोग्यमंत्र्यांनाही दाखवावा, कारण पुरानंतर माणसे दगावतात ती बऱ्याचदा औषध पलीकडच्या काठावर राहिल्यामुळे.

पाणी चढले की साप घरात येतात. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे आहे, एएसव्ही. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने किती विष सोडले हे मुलाच्या वजनावर ठरत नाही. घोणस-फुरशाच्या दंशात सहा तासांनी रक्त पुन्हा तपासून ते गोठत नसेल तर आणखी तेवढ्याच द्याव्या लागतात. म्हणजे एका रुग्णाला वीस कुप्या धरून चालायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच कुप्या असतील तर नोंदवहीत ‘साठा उपलब्ध’ दिसते, प्रत्यक्षात पहिला डोसही पुरा होत नाही. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या प्रत्येक केंद्रात ३० कुप्या हव्यात, आणि त्या भुकटीच्या हव्यात. द्रवरूप एएसव्हीला सतत २ ते ८ अंश लागतात, वीज गेली की ते संकटात. भुकटी थंड, कोरड्या कपाटात राहते. प्रत्येक कुपीमागे विरघळवण्यासाठी १० मिली निर्जंतुक पाणी, आणि कुपी जोरात हलवू नये, हातात फिरवावी. हलवली तर फेस होतो.

एएसव्हीबरोबर ॲड्रेनालिन हवेच, प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. नागाच्या दंशासाठी निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन, नाग किंवा मण्यार चावून श्वास थांबू लागला तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. आणि काचेची नळी! रक्त गोठते का हे पाहण्यासाठी दोन मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत ही चाचणी खोटी ठरते, कारण काचेच्या स्वच्छ पृष्ठभागामुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते. अशा नळ्यांचे एक खोके फारसे महाग नसते. ते नसेल तर हजारो रुपयांच्या कुप्या अंदाजाने वापराव्या लागतात.

लसींचे उलटे आहे. त्या उष्णतेने बिघडतात हे सगळ्यांना माहीत असते. गोठून बिघडतात हे घाईत विसरले जाते. वीज गेली की लस शीतपेटीत हलवताना डीप फ्रीजरमधला दगडासारखा आइसपॅक तसाच आत ठेवला जातो आणि पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटीस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठून निकामी होतात. आइसपॅक बाहेर काढून कानाशी हलवावा, आत पाणी खळखळले की मगच वापरावा. तोवर फ्रीजचे झाकण उघडू नये. ही सूचना प्रत्येक केंद्रात फ्रीजच्या झाकणावरच चिकटवावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही आधी सांगून ठेवावे की वापरात असलेली कुपी कोकणच्या पावसाळी हवेत सुमारे चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, ती घाबरून फेकू नये.

चाळीस घरांच्या त्या वाडीतल्या १६० माणसांना पिण्या-वापरण्यासाठी रोज २,४०० लिटर पाणी लागते. ते बाटल्यांनी कधीच पुरणार नाही, आहे ती विहीरच शुद्ध करावी लागेल. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणाने ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. पुराचे पाणी शिरले असेल तर दुप्पट. पावडर थेट टाकू नये. बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत ओतावे आणि एक तास थांबावे. गोम इथे आहे : कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर क्लोरिन गमावते, वास येतो पण ताकद नसते. म्हणून एक-एक किलोच्या हवाबंद डब्यांत ती द्यावी आणि सोबत क्लोरिन तपासण्याचा संच. पाण्यात क्लोरिन दिसेपर्यंत विहीर शुद्ध झाली असे लिहू नये. चिखलात उतरून काम करणाऱ्यांसाठी लेप्टोस्पायरोसिस (पुराच्या पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन गोळ्या, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला नाही.

आशाताईंकडे वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईची अपेक्षित तारीख असते. जून-जुलैत तारीख असलेल्यांची यादी मेमध्येच काढून, पंधरा दिवस आधी त्यांना रुग्णालयाजवळ राहण्याची सोय करावी. डायलिसिसवर असणाऱ्यांचेही तसेच. १०८ ची गाडी रस्ता आहे तिथवरच येते. पुढचे अंतर डोलीचे असते. क्षयरोग, फिट्स, रक्तदाब यांच्या गोळ्या जूनमध्ये एकदम दोन महिन्यांच्या द्याव्यात. रुग्णालयांची जनित्रे आणि ऑक्सिजन तळमजल्यावर नसावीत, हे २०२१ च्या पुरानंतर वेगळे सांगायला नको.

रस्ता बंद असताना कोकणाला खाडीची वाट आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आत दूरवर जातात. पण इथे एक पेच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून, शाकारून ठेवलेल्या आणि इंजिने उतरवून घरात. पूर येतो तो बहुधा याच ६१ दिवसांत. उघड्या समुद्रात जायला कुणी सांगत नाही, पण खाडीच्या आतल्या भागात दोन होड्या, इंजिन बसवलेल्या, २० लिटर इंधन, दहा लाइफ जॅकेट आणि दोन तांडेल (होडी चालवणारे) अशी तयारी प्रत्येक खाडीवर हवी. त्यासाठी मेमध्येच दिवसाचा दर आणि विमा ठरलेला असावा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६५ ने जिल्हा प्राधिकरणाला वाहने आणि साधने अधिग्रहित करता येतात, कलम ५० ने तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. हे अधिकार आपत्ती आली किंवा अगदी तोंडावर असली तेव्हाचे आहेत. आधीच्या साठ्यासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दरकरार व्हायला हवा, नाहीतर फाइल जूनमध्ये सहीला येते.

न वापरलेला तांदूळ-डाळ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाड्यांकडे वळवावी, मुदत जवळ आलेली औषधे ग्रामीण रुग्णालयाकडे. म्हणजे पुढच्या मेमध्ये नवा माल येतो आणि किड्यांनी पोखरलेले काही उरत नाही.

२५ मे ही तपासणीची तारीख ठेवावी, अशी विनंती. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी गाडी महामार्गावर सोडावी, दोन्ही बोचकी घेऊन साकवावरून वाडीपर्यंत चालत जावे, कुलूप गावातल्या किल्लीने उघडते का ते पाहावे, आणि किती वेळ लागला तो तपासणीच्या कागदावर लिहावा.

आपले,
कोकणात औषधपुरवठा आणि मदतसाठ्याचे काम करणारे कार्यकर्ते