मनू, सूज उतरली का?

शुक्रवार पेठ, पुणे
बुधवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठून गेलीस आणि आईने भरून ठेवलेला डबा ओट्यावरच राहिला. त्यातले लाडू मी आणि दादाने संपवले, आई आता नवे वळते आहे. गुडघ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं तिला कबूल करून मी हे पत्र लिहायला बसलोय.

तू विचारलं होतंस वेगळंच. नव्या फ्लॅटजवळ, वाकडला, तीन क्लास आहेत. एक ज्युदोचा, एक जुन्या जपानी जुजुत्सूचा आणि एक बीजेजेचा, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, तोही नो-गी, गी नावाचा तो जाड कापडी डगला न घालता. कुठे जाऊ? हे तू मला विचारलंस याचा मला किती आनंद झाला ते सांगायचं राहूनच गेलं. तू पाटाऐवजी खुर्ची ओढलीस, पायावरची ती निळी टेप दिसली आणि माझा आवाज चढला. तुझा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर आता देतो.

तीन दिवस हेच वाचतोय, हेच बघतोय. ही तिन्ही एकाच घरातली भावंडं आहेत. जुनं जुजुत्सू सामुरायांच्या काळातलं. समोरच्याच्या अंगावर चिलखत, हातात हत्यार, अशा वेळचे डाव. ते पूर्ण जोराने केले तर जोडीदार उद्या यायचाच नाही, म्हणून बराचसा सराव ठरवून करायचा. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तोड काढायची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान काढलं तेव्हा हीच अडचण सोडवली. मोडतोड करणारे डाव झटापटीतून बाहेर ठेवले आणि रोज पूर्ण ताकदीने खेळता येतील असे तेवढे आत ठेवले. हे मला एका वाचनात पटलं. जोड खेळल्याशिवाय डाव अंगात मुरत नाही, हे आमचे वस्ताद रोज पहाटे सांगायचे. म्हणून जपानी जुजुत्सू नको. त्यातलं ज्ञान खरं आहे, पण तुला समोरचा खरोखर विरोध करणारा लागतो, तू लहानपणापासून तशीच.

ज्युदोकडे माझं मन ओढ घेतं. पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकायची त्यांची सेओइ-नागे बघितली आणि मला आपली धोबीपछाडच दिसली. पण ज्युदोच्या स्पर्धांत २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून तर जवळपास बंदीच. म्हणजे एकेरी पट नाही, दुहेरी पट नाही. तात्यांचा पट तुझ्यात उतरलाय, मनू. तू सातवीत असताना गच्चीवर दादाला ज्या तऱ्हेने उचललं होतंस ते शिकवून येत नाही. तो पट विसरायला तुला पाठवू? माझ्याच्याने होणार नाही.

राहिलं बीजेजे. कोदोकानात तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि त्या घराने जमिनीवरचा खेळ वाढवत नेला. पहिल्यांदा तू मला दाखवलंस तेव्हा मला बघवलं नव्हतं. आमच्यात पाठ लागली की चीत, कुस्ती संपली. आणि माझी लेक आपण होऊन पाठीवर जाते, पायात समोरच्याला अडकवते, आणि तिथून खेळ सुरू होतो! हे समजायला मला वर्ष लागलं. आता समजलंय. तुझ्याहून वीस-पंचवीस किलोने जड मुलाला तू पाठीवरूनच हातात धरलंस, तो व्हिडिओ मी तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांना दाखवलाय. दोनदा.

तेव्हा माझं म्हणणं असं की बीजेजेच कर, पण गी घालून, निदान पांढऱ्यानंतरचा निळा पट्टा मिळेपर्यंत. कापडामुळे खेळ जरा संथ होतो, पकडीला विचार लागतो. आणि आयबीजेजेएफ या बीजेजेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गी घालून हील हुक, म्हणजे टाच धरून पाय पिळायचा डाव, कुठल्याच पट्ट्याला चालत नाही. नो-गीतही २०२१ पासून प्रौढ गटात फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याला चालतो. एवढे जुने लोक एवढी वर्षं थांबतात, तर त्यामागे कारण असेल ना? कोपर ताणलं की आधी दुखतं, ते दुखणं तुला सांगतं की सोड. गळा आवळला की डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही सांगते. टाच धरून पाय पिळला तर गुडघा काही सांगत नाही. तो पिळायला बनलेलाच नाही. दुखणं कळेपर्यंत लिगामेंट गेलेलं असतं. आणि तुझा पट्टा पांढरा आहे, मनू, आणि तिथल्या पहिल्याच ट्रायलला

बघ. परत गुडघ्यावर आलो. तुझं म्हणणं मी ऐकलंय, जो डाव आपल्यावर पडू शकतो तो लवकर शिकलेला बरा. चुकीचं नाही ते. व्याख्यान देतोय, माफ कर.

पण तू रविवारी ज्या कौतुकाने त्या हेलियो ग्रेसीची गोष्ट सांगितलीस, ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९५१ साल, रिओचं माराकाना, समोर मासाहिको किमुरा, वजनाने कितीतरी जास्त. हात मोडला तरी हेलियोने थाप दिली नाही, म्हणजे हार मानली अशी खूण म्हणून हाताने थोपटलं नाही, शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल पडला. आणि हात पिळायच्या त्या डावाला आज सगळं जग किमुरा म्हणतं. तुझे डोळे चमकत होते सांगताना. मी मात्र बाकी काही ऐकतच नव्हतो. तू ट्रायलला थाप दिलीस की नाही, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

आमच्या कुस्तीत थाप नाहीच. चीत झालो हे पंच सांगणार. 'पुरे' हा शब्द आपल्या तोंडून काढायची वेळच येत नाही, म्हणून तो मी कधी शिकलो नाही. १९८९ च्या जत्रेतली ती कुस्ती तुला फोटोपुरती माहीत आहे. ढाक मारताना माझा पाय मातीत रुतून राहिला आणि अंग फिरलं. आतून 'कट्' असा आवाज आला, तो मलाच ऐकू आला. हलगी चालू होती, तात्या पुढेच बसले होते. मी उठलो आणि खेळलो. जिंकलोही. फेटा बांधून घेतला, घरी चालत आलो, आणि कोणालाही सांगितलं नाही. तात्यांना तर नाहीच. आईला लग्नानंतर कळलं, मी जिना उतरताना कठडा का धरतो ते बघून. मातीत परत उतरलो नाही ते नोकरीमुळे, असं मी तुम्हा दोघांना सांगत आलोय. ते खरं नव्हतं.

आपल्याकडे थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं. तुमच्या मॅटवर थाप म्हणजे खरं बोलणं. ते तुला जमतं का, एवढीच मला काळजी आहे. तू माझी मुलगी आहेस म्हणून.

आणखी एक सांगायचंय. काल मी वाकडला गेलो होतो. मनपाला बस बदलून. तू नसशील हे माहीत होतं. त्या बीजेजेच्या क्लासच्या दारात बाकावर तासभर बसलो. मॅट फिनेलने पुसून घेतली होती, ते आधी बघितलं. तालमीत नायट्याने पोरं किती हैराण व्हायची ते मला माहीत आहे. मग एक बारीकशी मुलगी आणि एक दांडगा गडी. तिने त्याचा हात धरला, त्याने लगेच दोनदा थाप दिली, तिने तत्क्षणी सोडला. दोघांनी हात मिळवले आणि परत सुरू. कोणी हसलं नाही, कोणी वळूनही बघितलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी मला पाणी विचारलं. मी विचारलं, नवीन मुलांना हील हुक? त्या म्हणाल्या, आधी सुटायचं कसं ते, तेही सावकाश, धरून ठेवायचं, पिळायचं नाही. बाई चांगल्या वाटल्या. त्यामुळे वर मी गीचं जे एवढं ठासून लिहिलंय ते जरा सैल धर. मी ते खोडणार होतो, पण राहू दे.

खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतले होते, मॅट त्यांना नवी होती. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य. तुझंच वजन. चार वर्षं, मनू. तुला कोण घाई करतंय?

रविवारी ये. खुर्चीवर बस, मी काही बोलणार नाही. जेवण झाल्यावर हॉलमध्ये गाद्या टाकू आणि मला तुझा तो पाठीवरून पायात अडकवायचा गार्ड दाखव, माझा पाय वाकतो तेवढा वाकवतो.

तुझा,
बाबा

ता.क. एमआरआयचे पैसे दादाने तुझ्या खात्यात टाकलेत. सूज उतरली का, हो किंवा नाही, एवढं आजच कळव. आईला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.