काका, तुम्ही बाबांना सोबत नेलंत

प्रिय काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. 'काका' आणि 'बस' हे दोनच शब्द येतात, त्यातला दुसरा बाबांनी पोळी वाढताना शिकवलेला. तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत, ते माझ्या माणसांना कळायला हवं.

आई गेल्यावर बाबांना साताऱ्याहून इथे डॅलसला आणलं, तेव्हा त्यांचं बोलणंच आटलं होतं. उजवा कान तोफांनी 1971 मध्येच नेला होता, डावाही मंदावला होता. एकदा कुंपणापलीकडून तुम्ही त्यांना काहीतरी विचारलंत. त्यांनी हात कानामागे नेला. तुम्हीही अगदी तसाच नेलात, मग कानाकडे बोट दाखवून म्हणालात, "हॉवित्झर." म्हणजे तुम्हीही तोफखान्यातलेच. बाबा खुर्चीतून उठले. "ट्वेंटी-फाइव्ह पाउंडर," ते आपल्या तोफेचं नाव म्हणाले. "छांब." जम्मूकडची त्यांची 1971 ची आघाडी.

तरीही तुमच्या बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या, मेळाव्याला यायला ते आधी नाहीच म्हणाले. डिसेंबर 1971 मध्ये तुमच्या अध्यक्ष निक्सननी सातव्या आरमाराचा ताफा बंगालच्या उपसागरात पाठवला, तो राग त्यांच्या मनात अजून होता. त्यांनी तो तुम्हाला सांगितलाही. तुम्ही वाद घातला नाहीत. ऐकून घेतलंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला आलात. तुमचं ते पुन्हा येणं मी जन्मभर विसरणार नाही.

शेवटी बाबा आले. मेळावा ओक्लाहोमातल्या लॉटनला, तीन तासांचा रस्ता. तिथलं फोर्ट सिल म्हणजे अमेरिकेच्या तोफखान्याचं देवळालीच, तोफची शिकायची जागा. हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर तुमच्या एका सोबत्याने मीठ-मिरीच्या बाटल्या गोळा केल्या. पाच बाहेर, ताऱ्याच्या टोकांसारख्या, आणि सहावी मधोमध. व्हिएतनाममधल्या तुमच्या फायरबेसवर, म्हणजे तोफांच्या ठाण्यावर, तोफा अशा मांडलेल्या असायच्या. बाबा त्या बाटल्यांकडे बराच वेळ बघत राहिले. छांबला त्यांच्या तोफांची तोंडं पश्चिमेकडे, शत्रू समोर. तुमच्याकडे समोर अशी बाजूच नव्हती. "म्हणजे रात्री कुठूनही," बाबा म्हणाले. मी इंग्रजीत सांगायच्या आधीच त्या माणसाने मान हलवली. मग चिमटीत न मावणारं काहीतरी दाखवावं तशी बोटं धरून त्याने सांगितलं, की शत्रू तारेच्या कुंपणापर्यंत आला की नळी खाली घेऊन एक वेगळाच गोळा डागायचा. त्यात 8,000 पोलादी बाण असत, खिळ्याएवढे. हे सांगून तो कॉफी आणायला उठला, आणि बराच वेळ आला नाही.

तुमच्या 105 मिमीच्या तोफेच्या काडतुसात दारूच्या सात पिशव्या, लागतील तेवढ्या ठेवायच्या, उरलेल्या नेऊन जाळायच्या. बाबांनी त्यांच्या तोफेच्या पिशव्या बोटांवर मोजल्या: लाल, पांढरी, निळी. सगळ्यांनी एकदम कोपऱ्यातल्या तुमच्या झेंड्याकडे पाहिलं आणि हसू फुटलं. आई गेल्यापासून बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना गाडीत तुम्ही जे सांगितलंत, ते मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे जो तो आपलं एक वर्ष मोजायचा आणि भरलं की एकटाच घरी परतायचा. पलटण मागेच राहायची. सोबत्यांची टोपणनावं तेवढी लक्षात, खरी नावं नाहीत, म्हणून एकमेकांना शोधण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली. बाबा आणि त्यांचे सोबती नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरपासून एकत्र, आणि परतले तेव्हा गाव वेशीवर हार घेऊन उभं होतं. तुमच्यासाठी विमानतळावर कुणीच नव्हतं, हे ऐकल्यावर बाबांनी मागच्या सीटवरून तुमच्या खांद्यावर हात ठेवला. तो घरापर्यंत काढला नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते आदल्या रात्रीचे. तुम्ही उभे राहून बॅटरीतल्या मेलेल्यांची नावं वाचलीत. वाचून झाली तसे बाबा उठले आणि त्यांनी एक नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव कधीच कुणी ऐकलं नव्हतं, आईनेही नसावं. तुम्हाला ते नीट ऐकू आलं नाही. तुम्ही जवळ येऊन कागद पुढे केलात, आणि बाबा वायरलेसवर बोलतात तसं एकेक अक्षर सांगू लागले, "टँगो... युनिफॉर्म... किलो..." दोन्ही फौजांची तीच बाराखडी. तुम्ही शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेतलंत, पुन्हा वाचून दाखवलंत, आणि त्या माणसाचं गाव विचारलंत. त्याचं गाव विचारणारे तुम्ही पहिलेच.

या वर्षी बाबांना प्रवास झेपला नाही. लॉटनहून तुमचा फोन आला, मी तो त्यांच्या डाव्या कानाशी धरला. तुमची नावं झाली, आणि शेवटी तुम्ही ते नाव वाचलंत, गावासकट. गावाचा उच्चार चुकला. बाबांनी फोनमध्ये ओरडून तो दुरुस्त केला. तुम्ही थांबलात, पुन्हा वाचलंत, आणि या वेळी बरोबर वाचलंत.

तुमची,
शेजारची मुलगी