मोकळा डबा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूमवाल्या पोराचा फोन आला होता. सांगू नका म्हणाला होता, तरी सांगतो. पंधरा दिवसांपासून एकच वेळ जेवतोस, रात्रीचा मेसचा डबा तसाच परत जातो, गादी गुंडाळून फरशीवर निजतोस. आईजवळ मी बोललो नाही. तिला कळलं तर तीही एक वेळ जेवायला लागेल.

फवारणीच्या औषधाची बाधा उतरली, मी आता बरा आहे. डोळ्यांपुढचं धुकं गेलं. दवाखान्यात त्या विषावरच्या ॲट्रोपिनच्या सुया दिल्या, तोंडाला इतकी कोरड पडली होती की शब्द फुटत नव्हता. फुटला तो नेमका तुझ्यावर, "मास्क आणला असतास तर ही पाळी आली नसती." ते धरून बसू नको.

खरं सांगू? कृषी सहायकानं दिलेला चष्मा नि हातमोजे दोन वर्षांपासून कोठ्यातल्या खुंटीला आहेत. तुझा मास्कही तिथंच लटकला असता. दोन औषधं एका टाकीत मीच कालवली. समोरून वारा होता, पऱ्हाटी छातीला लागलेली. तोंडाला दुपट्टा बांधला होता, तोही औषधानं ओला झाला. हे तुला मी काय शिकवू, तूच अकोल्यात शिकतोस. गावातून कृषीला गेलेला तू पहिला; पारावर मी किती वेळा सांगितलं असेल, माझं मलाच हसू येतं.

जेवत जा. अन्नावर राग काढू नये, आपण पिकवणारी माणसं... जाऊ दे. व्याख्यान झालं, माफ कर.

2017 साली तू सातवीत होतास. फवारणीनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. धुऱ्यापलीकडचे काका त्यातच गेले. पंप माझा नेला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. मी चहा सोडला. तुम्हाला वाटायचं पित्तामुळे. वर्षभरानं काकूनं कप समोर ठेवला, म्हणाली, "भाऊजी, तुमी चहा सोडला तं माह्या घरचं कर्ज फिटलं का? पोराच्या फीचं पाहा." फी भरली. चहाही प्यालो, गार झाला होता तोवर.

रात्री फोन उचलत जा. दोन शब्द बोल, नाहीतर नुसता हुंकार दे. तू उचलला नाहीस की मी अंगणात जाऊन उभा राहतो. आपल्याकडे माणूस गप्प बसला की भीती वाटते रे.

दसऱ्याला ये. येताना मास्क दोन आण, एक काकूच्या पोराला, यंदा फवारणीला तोच जातो.

गुरुवारच्या एसटीनं कंडक्टरजवळ डबा देतो. भाकरी, ठेचा, तुरीचं घट्ट वरण. डबा मोकळा करून परत पाठव. आई उघडून पाहते.

तुझा,
बाबा