मेडिकलच्या ताईंना, आप्पांच्या पिशवीबद्दल

ताई, नमस्कार.

त्या संध्याकाळी आप्पा आणि मी तुमच्याकडे आलो ते फक्त छातीतल्या कफाची औषधं घ्यायला. चिठ्ठीत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक होतं. दुकानात गर्दी होती, तरी तुम्ही विचारलंत, "आप्पा, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्यांना नावं सांगता येईनात. "मग पिशवीच घेऊन या, मी थांबते," म्हणालात.

पिशवी काउंटरवर रिकामी झाली तेव्हा एका पाकिटावर होतं ॲटोरव्हास्टॅटिन 20, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. दुसऱ्यावर कंपनीचं ठळक नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ॲटोरव्हास्टॅटिन 20, इझेटिमाइब 10. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी जुनी बंद करून ही जोडगोळी दिली होती. आप्पांना वाटलं, जुनी आहेच, वर ही एक. शिवाय उरलेल्या गोळ्या त्यांना टाकवत नाहीत. म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन रोज 40 मिलिग्रॅम पोटात जात होतं, कोणी न सांगता.

40 सुद्धा काहींना देतात, हे तुम्हीच सांगितलंत. पण क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना ॲटोरव्हास्टॅटिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, म्हणून तेव्हा 20 च्या वर जायचं नसतं. साठलं की स्नायूंवर येतं, फारच झालं तर किडनीवर. मग विचारलंत, "मांड्या दुखतात का? लघवी चहासारखी होते का?" लघवी ठीक होती. मांड्या मात्र दोन आठवड्यांपासून दुखत होत्या. जिना चढताना आप्पा कठडा धरायचे आणि आम्ही वयावर ढकलत होतो. ते आठवलं की अजून जीव चरकतो.

तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात. जुनी गोळी कायमची बंद, जोडगोळी अँटिबायोटिक संपेपर्यंत थांबवायची, सकाळी रक्तातलं सीपीके तपासायचं, स्नायूंना इजा झाली की ते वाढतं. ते थोडं वाढलेलं निघालं. पुढच्या तपासणीत उतरलं. मग डॉक्टरांनी जोडगोळी पुन्हा सुरू केली.

"दोन औषधं म्हणजे दुप्पट जोर का?" हा आप्पांचा प्रश्नही तुम्ही हसण्यावारी नेला नाहीत. ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिन, यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं, इझेटिमाइब ते आतड्यातून रक्तात कमी जाऊ देतं. नुसतं स्टॅटिन दुप्पट केलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणखी साधारण 6 टक्केच उतरतं, म्हणून जोडीला इझेटिमाइब. ते 10 च राहतं, बदलतो तो पहिला आकडा. आप्पा पाकिटावरचे दोन्ही आकडे मिळवून 30 धरत होते! एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

आणि ती कात्री. सुट्या गोळ्या देताना तुम्ही औषधाचं नाव आणि तारीख असलेला भाग कापत नाही, तो गिऱ्हाइकाच्या हातात राहू देता. हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं.

आता कुठल्याही डॉक्टरांकडे जायचं झालं की आप्पा चप्पल घालायच्या आधी पिशवी शोधतात. मनापासून आभार, ताई.

आप्पांची मुलगी