काकाजी, सर्व्हरला हात न लावल्याबद्दल आभार

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. पण त्या शनिवारी नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या पतसंस्थेत तुम्ही जे केलंत, त्याचे आभार मानायला लागलो तर तुम्ही लुना काढून निघूनच गेलात. तेव्हा उरलेलं इथे.

आदल्या संध्याकाळी, ऐन नवतपात, वादळ आलं. विजा कडाडल्या, लाईन गेली, यूपीएसने तासाभरात मान टाकली. सर्व्हर रीतसर बंद करायला कोणी थांबलं नव्हतं. म्हणजे मीच थांबलो नव्हतो.

सकाळी सर्व्हरने डिस्क तपासण्यात बराच वेळ खाल्ला, पण उठला. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर, लॉगिन आलं, खाती उघडली, शिल्लक जुळली. टर्मिनलं, म्हणजे वायरीने सर्व्हरला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड, मात्र १२ च्या १२ मुकी. बहुतेकांवर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. कन्सोलवर मधूनच एक ओळ उमटायची, 'रिस्पॉनिंग टू रॅपिडली'. बाहेर बाकावर पिग्मीचे एजंट शुक्रवारची जमा घेऊन बसलेले.

मी सर्व्हर चारदा बंद-चालू केला. ज्यांना फोन लावला त्यांनी सांगितलं, हे युनिक्स-बिनिक्स भंगारात द्या, नवीन सॉफ्टवेअर घ्या. (तो विचार आमचाही आहे, पण शनिवारी सकाळी अकरा वाजता नाही.) शेवटी कपाटातून टर्मिनलांचे पोर्ट चालवणाऱ्या ड्रायव्हरची फ्लॉपी काढली आणि जुना ड्रायव्हर उडवून नवा टाकायला बसलो. तेवढ्यात तुम्ही दारात. "काय करून राहिले तुम्ही? थांबा. हात नोका लावू अजून."

खरे आभार या वाक्याचे. सर्व्हर चांगला होता. त्या दिवशी तो बिघडवला असता तर मीच बिघडवला असता.

तुम्ही सर्व्हरकडे पाहिलंच नाही. शिपायाला विचारलंत, सकाळी मेन स्विच कोणी टाकला आणि आधी काय सुरू झालं. मग टेबलाखाली वाकून पोर्टांच्या डब्याकडे पाहिलंत, तो कंट्रोलर ज्याच्यातून सगळ्या वायरी निघतात. त्याचा दिवा लागलेला होता, म्हणून मी त्याला ठीक धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात, दिवा म्हणजे वीज पोचली एवढंच. आत तो जागा आहे की अर्धवट झोपेत, ते दिवा सांगत नाही. लाईन जाताना-येताना दोन-चार झटके बसले की असा डबा अडकतो. मी चार वेळा सर्व्हर बंद केला, डब्याचा प्लग एकदाही काढला नाही. बूट होताना ड्रायव्हर डब्याला हाक मारतो. उत्तर आलं नाही की पोर्टच नाहीत असं धरतो, आणि मग प्रत्येक पोर्टवर लॉगिन लावायला जाणारा गेटी नावाचा प्रोग्रॅम जन्मतो अन् मरतो, पुन्हा जन्मतो अन् मरतो. ती ओळ त्याचीच होती.

सगळं बंद केलं. डब्याचा प्लग काढून तुम्ही मला ३० पर्यंत मोजायला लावलं, तेही सावकाश. आधी डबा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर सर्व्हर. एकेका पडद्यावर लॉगिन उमटायला लागलं तेव्हा एजंटांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. १२ पैकी आठ सुरू.

उरलेल्या चारांपैकी एकावर चिन्हांची खिचडी येत होती. त्याच्या आतली बॅटरी संपलेली, लाईन जाताच सेटिंग पुसलेलं. सेटअपमध्ये जाऊन ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एवढं भरलं आणि अक्षरं सरळ झाली. एक नुसतंच थिजलेलं होतं; तुम्ही कंट्रोल-क्यू दाबलंत. गडबडीत कोणीतरी कंट्रोल-एस दाबून ठेवलं असावं; त्याने पडदा थांबतो, क्यूने सुटतो. कोणी, ते मला माहीत आहे, पण जाऊ द्या.

मागच्या इमारतीतली शेवटची दोन मात्र मनात घर करून बसली आहेत. तुम्ही माझ्या टेबलावरची कागदाची पिन घेतली, सरळ केली, टर्मिनलाची केबल काढून त्याच्याच सॉकेटमधल्या २ आणि ३ नंबरच्या, म्हणजे पाठवायच्या आणि घ्यायच्या, पिना तिने जोडल्या आणि म्हणालात, टाईप करा. मी 'क' ची कळ दाबली, पडद्यावर उमटला 'के'. (हो, इंग्रजीच.) गेलेलं अक्षर त्या पिनेतून परत आलं, म्हणजे टर्मिनल धडधाकट. मग डब्यापाशी येऊन मीटर माझ्या हातात दिलात. चांगल्या पोर्टवर २ आणि ७ (म्हणजे ग्राउंड) या पिनांच्या मध्ये वजा दहाच्या आसपास व्होल्ट. त्या दोघांवर जवळपास शून्य. रिकामी बसलेली लाईन सुद्धा उणे असायला पाहिजे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. वायरीवर सिग्नल पाठवणारी आतली १४८८ नंबरची चिप गेली होती. दोन्ही वायरी मोकळ्या पोर्टांवर हलवल्या, तिथलं बंद ठेवलेलं लॉगिन तुम्ही एका ओळीत सुरू केलं.

चिप का गेली, तेही तुम्ही सोडलं नाही. या वायरी ज्यावर चालतात ते आरएस-२३२ चं मानक १९६० चं, मुळात ५० फुटांपर्यंतच्या वायरीसाठी. आमची शंभराच्या वर, तीही दोन इमारतींमध्ये, दोन वेगळ्या अर्थिंगवर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर धरलं तर ११ व्होल्ट. "बापा!" म्हणालात आणि थेट अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेलात. नागपूरच्या मे महिन्यात काळी माती भेगाळून कोरडी ठक्क पडते, आदल्या दिवशीच्या वादळातून तिथे चार थेंबही मुरले नव्हते. शिपायाने कूलरसाठी भरलेल्या दोन बादल्या तुम्ही त्यात ओतायला लावल्या. अर्ध्या तासाने मीटर चारवर. कूलर दुपारपर्यंत कोरडा चालला, पण कुरकुर कोणी केली नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. तर्री-पोहे घेतले, तेही तर्री कमी आहे अशी तक्रार करून.

आता दर सोमवारी खड्ड्यात पाणी जातं. डबा आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर आहेत. गेलेल्या दोन पोर्टांवर चिकटपट्टी लावली आहे. सीताबर्डीत १४८८ च्या दोन चिपा मिळाल्या, त्या कागदाच्या पिनेसोबत माझ्या खणात ठेवल्या आहेत. सोल्डरिंग मला जमणार नाही काकाजी, एखाद्या रविवारी या. तर्रीची काळजी मी घेतो.

तुमचा,
पतसंस्थेतला फ्लॉपीवाला