शाळेचे ओळखपत्र नसलेली मुले

संपादक महोदय,

आम्ही आमच्या दोन्ही मुलांना (वय 11 आणि 8) घरीच शिकवतो. उन्हाळ्यात आमचा वर्ग बाहेर भरतो. यंदा कार्ल्याला गेलो, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी वाढण्याआधी. तिथल्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहातले, म्हणजे प्रार्थनेच्या दालनातले, 37 खांब धाकटीने मोजले, दोनदा चुकून तिसऱ्यांदा. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत हे तिला पटेना. ‘वाळवी नाही लागली?’ हा तिचा प्रश्न अजून वहीत उत्तराची वाट पाहतो आहे. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा गच्चीत बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना पाहिली. शेजारची चार मुलेही धावत आली.

एका संग्रहालयात मात्र विद्यार्थी सवलतीसाठी शाळेचे ओळखपत्र मागितले. आमच्याकडे ते कुठून असणार? मोठा हिरमुसला. ‘आई, मग मी विद्यार्थी नाही का?’ पैशांचे काही नाही, तो प्रश्न मनाला लागला.

सवलत वयावर द्यावी, आधार कार्ड पुरावा म्हणून चालावे. ऊसतोडीमुळे, बांधकामामुळे शाळा सुटलेल्या मुलांनाही मग ते दार उघडेल.

– एक आई, कोथरूड, पुणे